रोटाव्हेटरच्या ७२ बोल्टांसाठी कोणतं रॅचेट घ्यावं?

काळीमाती
राम राम मंडळी. गाव आर्णीजवळ, यवतमाळ जिल्हा. ट्रॅक्टर जुना, रोटाव्हेटर पाच फुटी. पऱ्हाटी निघाली, आता वावर भुसभुशीत करायचं म्हणून परवा पाती बदलायला बसलो. ३६ पाती, दर पात्याला दोन बोल्ट, म्हणजे ७२. अकरावं पातं निघालं आणि हातातल्या रॅचेटनं (नट एकाच दिशेनं फिरवणारं खटक्याचं हँडल) ‘कट्ट’ केलं. तेव्हापासून ते दोन्हीकडे मोकळं फिरते. खटका इकडे करा नाहीतर तिकडे करा, पंख्यासारखं गरगर. उरलेले पन्नास बोल्ट रिंग पान्यानं काढले. रात्री जेवताना भाकर मोडता येईना, इतकी बोटं आखडली होती.

जुनं रॅचेट आठवडी बाजारातल्या गोटी सेटात (गोटी म्हणजे नटावर बसणारं सॉकेट) आलेलं होतं. गोट्या अजून चांगल्या आहेत, म्हणून फक्त हँडल घ्यायचं आहे. प्रश्न असे: चार सूत घ्यावं की तीन सूत (गोटी बसते त्या चौकोनी कोंबाचं माप)? आतलं चाक २४ दाती की ७२ दाती? सगळा लोखंडी दांडा बरा की रबराची मूठ? दोन हजारांच्या आत बसवायचं आहे. दुकानदार म्हणते ७२ दातीच घ्या, त्याच्यावर कंपनी बंद. मले समजून नाही राहिलं.

बोल्टढिला
७२ बोल्ट, ७२ दात. पत्रिका जुळली भाऊ, लगीन लावून टाका.

गोटीपाना
मी दारव्ह्याला गॅरेज चालवतो, ट्रॅक्टर आन् दुचाकी दोन्ही. नवीन घ्यायच्या आधी जुनं खोलून पाहा. डोक्यावर दोन बारके स्क्रू असतीन, नाहीतर गोल लॉक असंन, ते काढा. आत एक दातेरी चाक दिसंन, त्याले चावणारं कुत्रं दिसंन, आन् कुत्र्याच्या मागं बारकी स्प्रिंग. सायकलच्या फ्रीव्हीलमधी असते तेच कुत्रं. दहातल्या आठ रॅचेटमधी एक तं स्प्रिंग तुटलेली असते नाहीतर कुत्रं घासलेलं असते. चाक क्वचितच जाते. खोलताना खाली पांढरं कापड अंथरा. बारकी गोळी उडून कडब्यात गेली का मग देवच शोधंन.

सावलीतला इंजिनिअर
बुटीबोरीला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, दिवसभर हेच हातात असतं. दातांचा हिशेब सांगतो.

३६० ला दातांच्या संख्येनं भागा. २४ दाती रॅचेट पुढचा दात पकडण्याआधी १५ अंश मागं न्यावं लागतं, ३६ दाती १०, ७२ दाती फक्त ५. अंश डोळ्यांपुढं येत नसतील तर दांड्याच्या टोकाशी मोजा. दहा इंची दांडा असेल तर २४ दातीला टोक अडीच इंच हलायला जागा लागते, ७२ दातीला पाऊण इंचाच्या जरा वर. आता तुम्ही पन्नास बोल्ट ज्यानं काढले तो रिंग पाना घ्या. बारा कोनी असेल तर तो उचलून पुढं बसवायला तीस अंश लागतात. म्हणजे जिथं रिंग पाना फिरला तिथं २४ दाती रॅचेट आरामात फिरणार. रोटाव्हेटरसाठी ७२ दात म्हणजे बैलगाडीला पाचवा गिअर.

दुसरं. दात वाढले की प्रत्येक दात बारीक होतो, म्हणून ते नाजूक असतं असं सरसकट म्हणतात. ते अर्धंच खरं. कुत्रं रुंद असेल आणि एका वेळी सहा-सात दात धरत असेल तर बारीक दातही भार घेतात. स्वस्तातल्या बारीक दातीमध्ये मात्र कुत्रं दोन-तीनच दात धरतं. डब्यावर ७२ छापलेलं असतं, कुत्रं किती दात धरतं ते कोणी छापत नाही.

संत्रेवाला_वरूड
इंजिनिअर साहेब, असहमत. रोटाव्हेटर वर्षातून एकदोनदा खोलता, बाकी वर्षभराचं काय? माझ्याकडे फवारणीचा ब्लोअर आहे. त्याच्या पंपाचे नट चेसिसच्या पट्टीला इतके चिकटून आहेत की २४ दाती एक ‘टक’सुद्धा करत नाही, मागं न्यायलाच जागा नाही. तिथं ७२ दातीनं माझी दोन तासांची शिवीगाळ वाचवली. सहा वर्षं झाली, अजून ठणठणीत.

रबराच्या मुठीबद्दल मात्र सावध राहा. हिवाळ्यात छान वाटते. पण डिझेल-ऑइलच्या हातानं वापरून माझ्याजवळच्या एका रॅचेटची मूठ फुगली आणि दांड्यावर गोल फिरायला लागली. जोर लावला की हात फिरे, नट जागेवरच. शेवटी ब्लेडनं कापून काढली आणि सायकलची ट्यूब गुंडाळली.

बोल्टढिला
सायकलची ट्यूब! वऱ्हाडातली सगळी मेकॅनिकी त्याच्याच जोरावर उभी हाय बाप्पा.

चक्कीवाली
मी कारंजा लाडला पिठाची गिरणी चालवते. पट्टे, मोटरचे बोल्ट, जात्याची बैठक, सगळं मीच खोलते. माणसं बोलावली तर दोन दिवस येत नाहीत आणि दळणाचे डबे ओट्यावर रांग लावून बसतात. इथं सगळे दातांवर बोलत आहेत, हातांवर कोणीच नाही.

माझ्याकडे आधी नवऱ्यानं आणलेलं चार सुताचं होतं, किलोभराचं असेल. मोटर भिंतीला लागून आहे, हात लांब करून वाकून काम करावं लागतं. तिसऱ्या बोल्टला मनगट भरून यायचं. मग तीन सुताचं घेतलं, आठ इंची, डोकं लहान, दांडा मधे जरा फुगीर आणि टोकाकडे बारीक. १३ आणि १७ च्या बोल्टांना बास होतं. चकचकीत क्रोम हाताला घाम आला की घसरतं. मी मुद्दाम मंद पॉलिशवालं, त्यातही खाचा असलेलं घेतलं. ज्यांना दिवसभर वापरायचं आहे त्यांनी दुकानात मुठीत धरून, हात खांद्याइतका वर करून एक मिनिट थांबावं. तेवढ्यात कळतं.

काळीमाती
ताई, हे डोक्यातच नव्हतं आलं. आणि गोटीपाना भाऊ, खोललं. आत पाहिलं तर ग्रीस कुठलं, काजळ! काळी माती आणि ग्रीस मिळून डांबर झालेलं. रॉकेल नाही, म्हणून डिझेलमध्ये ब्रशनं धुतलं. चाकाचे दात मोजले, २४ भरले, सगळे धारदार. कुत्र्याचे मात्र पुढचे दोन दात असे गोल झाले आहेत जसे म्हाताऱ्या बैलाचे. स्प्रिंगचे दोन तुकडे.

गोटीपाना
खरं सांगा. पाइप लावला होता का?

काळीमाती
लावला होता.

गोटीपाना
किती लांब?

काळीमाती
बोअरच्या जुन्या पाइपाचा तुकडा, तीन फूट. मी नाही, बाबांनी लावला. मी पाणी प्यायला गेलो होतो.

बोल्टढिला
कुत्र्यानं पोलिसात जबाब द्यायला पायजे.

सावलीतला इंजिनिअर
मग यात रॅचेटचा दोष कमी आणि पाइपाचा जास्त. आकडे बघा. तुमच्या पात्यांना १९ ची गोटी लागत असेल तर बोल्ट एम-१२, म्हणजे १२ एमएम जाडीचा असावा. डोक्यावर ८.८ (बोल्टाच्या ताकदीचा दर्जा) लिहिलेलं असेल तर तो आवळायला साधारण ८०-९० न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं माप) लागतात. दहा इंची दांड्याच्या टोकाला चाळीस किलोचा जोर दिला की १०० होतात, म्हणजे नुसत्या हातानं काम भागतं. तीन फुटी पाइप घालून सत्तर किलोचा माणूस लटकला की सहाशेच्या वर. तो भार आत कोण घेतं? नखाएवढ्या कुत्र्याचे दोन-तीन दात.

गंजलेला, चिखलात जाम झालेला बोल्ट रॅचेटनं फोडायचाच नाही. त्याला पॉवर हँडल असतं. लांब दांडा, पुढं वळणारं चौकोनी डोकं, आत दात नाही, कुत्रं नाही, बिघडायला काही नाही. त्यानं बोल्ट एकदा करकरला की पुढची फिरवाफिरव रॅचेटनं. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला एवढंच शिकवतो.

हातोडी_छिन्नी
पुस्तकी गोष्टी. आम्ही वीस वर्षं रॅचेटनंच फोडतो, काही होत नाही. चांगल्या कंपनीचं घ्या फक्त.

चक्कीवाली
दादा, वीस वर्षांत किती रॅचेट झाली ते पण लिहा.

हातोडी_छिन्नी
तीन.
बरं, चार.

गोटीपाना
😀 आता कामाची गोठ. दात, मूठ सगळं ठीक हाय, पण एक परीक्षा कोणी सांगितली नाही. नट अर्धा ढिला झाला ना, का तो बोटानंही फिरते. तवा रॅचेट मागं नेताना आतलं कुत्रं दातावरून घसरते, त्याचा ओढा नटले लागते. ओढा जास्त असला का नट तुमच्यासंगं मागं येते. पुढं नेला का पुढं, मागं नेला का मागं. माणूस अर्धा तास वल्हवत बसते आन् नट तिथंच. मंग एका हातानं गोटी धरा, दुसऱ्यानं दांडा हालवा.

दुकानात पाहाची रीत: रॅचेटले गोटी लावा, गोटी दोन बोटांत हलकेच धरा आन् दांडा मागं न्या. बोटातून गोटी सुटून फिरत असंन तं ठेवा तिथंच. बोटात थांबली आन् ‘टिकटिकटिक’ बारीक आवाज आला का माल चांगला. जाडं ग्रीस भरलेलं असलं तरी ओढा वाढते, तवा नव्या मालात थोडी सूट द्या.

संत्रेवाला_वरूड
ही परीक्षा लाख रुपयांची. आणखी एक: खटका. काही रॅचेटमध्ये दिशा बदलायचा खटका इतका सैल असतो की अंगठा लागून आपोआप फिरतो. ढिला करायला गेलो आणि आवळून ठेवला, असं माझं झालं आहे. खटका डोक्यात बुडालेला असलेला बरा.

मास्तर_निवृत्त
तुमचा धागा वाचताना एक जुनी गोष्ट आठवली. रॅचेटच्या डोक्यामागं जे बटण असतं, दाबलं की गोटी टपकन पडते, ते पीटर रॉबर्ट्स नावाच्या १८ वर्षांच्या अमेरिकन पोरानं १९६३ मध्ये शोधलं. तो सिअर्स या मोठ्या अमेरिकन कंपनीच्या दुकानात विक्रेता होता. तेलकट हातानं गोटी ओढून काढायचा वैताग त्यालाही होताच. कंपनीनं ती कल्पना विकत घेतली, नगामागं दोन सेंट आणि तेही जास्तीत जास्त दहा हजार डॉलर एवढ्यावर. पुढं असली रॅचेट लाखांनी खपली. पोरगा कोर्टात गेला. १९७७ मध्ये ज्युरीनं त्याला दहा लाख डॉलर द्यायला सांगितलं, तरी भांडण सुरूच राहिलं आणि तडजोड झाली थेट १९८९ मध्ये. तोवर पोरगा चाळिशी ओलांडून गेला होता.

बोल्टढिला
नगामागं दोन सेंट? माल पोराचा आन् भाव दुसऱ्याचा. हा माणूस तं आपल्या कापूसवाल्यांतलाच निघाला.

हातोडी_छिन्नी
आणि तारखा पण आपल्या वावराच्या केसएवढ्याच.

चक्कीवाली
पण बटण असावं की नसावं? माझ्याकडे बटण आहे, एकदा वर हात करून काम करताना नकळत दाबलं गेलं आणि १७ ची गोटी चाळणीत पडली. नशीब, दळण सुरू नव्हतं.

सावलीतला इंजिनिअर
पडणारी गोटी सापडते, अडकलेली निघत नाही. बटण घ्या, पण डोक्याच्या पातळीपेक्षा वर उचललेलं नको.

नवखा_०७
दादा लोक, एक शंका. ४ सूत म्हणजे किती एमएम? मी ऑनलाइन पाहतोय तर सगळीकडे इंच लिहिलं आहे.

गोटीपाना
आठ सूत म्हणजे एक इंच. दोन सूत पाव इंच, तीन सूत तीन अष्टमांश, चार सूत अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम. हे माप रॅचेटच्या चौकोनी कोंबाचं, नटाचं नाही. नटाचं माप गोटीवर एमएममधी असते. आन् गोट्या घेणार असशीन तं सहा कोनी घे. बारा कोनी गोटी नवीन नटावर गोड, पण कोपरे झिजलेल्या नटावर पार घसरते. आमच्याकडचे नट सगळे झिजलेलेच येतेत.

हातोडी_छिन्नी
आणि चकचकीत गोट्या इम्पॅक्ट मशीनला (धक्के देत नट फिरवणारं मशीन) लावू नको रे बाबा. त्याला काळ्या, जाड भिंतीच्या येतात. पंक्चरवाल्याकडे क्रोमची गोटी फुटताना मी पाहिली आहे, तुकडा पत्र्यातून आरपार.

काळीमाती
बरीच माहिती मिळाली. आता कंपनीबद्दल कोणी बोला. नाशिकच्या टापारियाचं इथं सगळ्यांकडं मिळते. स्टॅनलीचं यवतमाळला दिसलं. ऑनलाइन जर्मन वेरा पाहिलं, डोकं वळते वगैरे, पण किंमत पाहून मोबाइल खाली ठेवला.

सावलीतला इंजिनिअर
आमच्याकडे तिन्ही आहेत. वेराचं डोकं दोन्हीकडे वळतं, दात ७२, पॅनेलच्या आत हात घालून काम करणाऱ्याला वरदान. चिखलात टाकायची ती वस्तू नव्हे. तुमच्या कामाला टापारिया किंवा स्टॅनलीचं साधं, पूर्ण क्रोम व्हॅनेडियम पोलादाचं, लोखंडी दांड्याचं पुरे. त्यातही एकच विचारा: कुत्रं-स्प्रिंगचा रिपेअर किट मिळतो का? मिळत असेल तर शंभर रुपये जास्त द्या.

संत्रेवाला_वरूड
आणि नावाची खात्री करा. मी एकदा ओळखीच्या दुकानातून नामी म्हणून घेतलं, घरी आल्यावर पाहतो तर नावात एक अक्षर जास्त. दुकानाचं नाव घेत नाही, अजून तिथं उधारी चालते.

गोटीपाना
नागपूरले जाणं झालं तं इतवारीतल्या लोहा ओळीत चक्कर मारा. दहा रॅचेट हातात घेऊन पाहता येतेत. ऑनलाइनमधी टिकटिक ऐकू येत नाही ना भाऊ.

ग्रीसचं बी ऐका. काळ्या मातीच्या कामाले आत घट्ट ग्रीस भरू नका. चाकाले बोटभर हलकं ग्रीस पुसा, कुत्र्याले दोन थेंब मशीनचं ऑइल. हंगाम संपला का खोला, धुवा, पुसा. चोवीस दातीचा हाच फायदा, दात मोठे, माती निघते. बहात्तर दातीत माती बसली का कुत्रं वरच्यावर तरंगते, चावतच नाही, आन् जोर दिला का घसरते.

संत्रेवाला_वरूड
हे मान्य. माझं ७२ दाती ब्लोअरच्या पेटीत कापडात गुंडाळलेलं असते. मातीत गेलंच नाही ते कधी. म्हणून टिकलं असेल.

काळीमाती
(सोळा दिवसांनी)

मंडळी, नागपूरला दवाखान्याचं काम निघालं होतं, तिथून लोहा ओळीत गेलो. चार दुकानं फिरलो, प्रत्येक ठिकाणी गोटी बोटात धरून मागं-पुढं केलं. एक दुकानदार म्हणाला, “काका, रॅचेट घेता का नाडी पाहता?” शेवटी चार सुताचं, ३६ दाती, लोखंडी दांड्याचं घेतलं. मंद पॉलिश, खटका बुडालेला, किट मिळतो असं बिलावर लिहून घेतलं. ताईंनी सांगितल्याप्रमाणं हात वर करून मिनिटभर उभा राहिलो, लोक पाहत होते. सोबत अठरा इंची पॉवर हँडल. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत, वर परतीच्या एसटीत खायला संत्री.

काल शेजाऱ्याच्या रोटाव्हेटरची पाती बदलली. आधी पॉवर हँडलनं सगळे ७२ नुसते करकरवून घेतले, मग रॅचेटनं काढले. मागच्या वेळी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसलो होतो, काल दहाला सुरू केलं आणि जेवणाआधी पाती खाली. बोटं शाबूत. संत्रेवाले भाऊ, ७२ दाती तीन सूत पुढच्या वर्षी मोटारपंपासाठी घेईन. इंजिनिअर साहेब, जुन्या रॅचेटच्या कुत्र्याचे दात कानसीनं थोडे उभे केले, स्प्रिंग पोराच्या पेनातली टाकली. पोरगा परीक्षेला शिसपेन घेऊन गेला. रॅचेट हलक्या कामाला चालते आहे.

गोटीपाना
वा. पेनाची स्प्रिंग महिनाभर टिकंन, तवर कुत्रं मिळते का पाहतो. आन् बाबांपासून पाइप लपवून ठेवा.

काळीमाती
पाइप लपवला आहे. आज सकाळी पाहतो तर बाबा नव्या रॅचेटच्या डोक्यानं ट्रॉलीची पिन ठोकत होते. मी ओरडलो तर म्हणे, “लोखंडच आहे ना?”

चक्कीवाली
काकांना पॉवर हँडल देऊन टाका. त्याला काही होत नाही.

काळीमाती
ते दिलं होतं ताई. त्याला सध्या कालवड बांधलेली आहे.